अकरा आठवड्यांत म्हातारी झालेली फिल्म

"दादा, रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्याला शेपटी फुटते."

तक्रार एवढीच होती. दिवसा काही त्रास नाही, पावसात नाही, फक्त अंधारात. गाडीच्या समोरच्या काचेवर बाहेरून संरक्षक फिल्म मीच बसवली होती, अकरा आठवड्यांपूर्वी. तेव्हा काम असं बसलं होतं की फिल्म कुठे संपते हे ताईंना दाखवायला मला कडेवर नख फिरवावं लागलं. अशी फिल्म वर्षभर तरी नीट टिकावी, जपली तर त्याहून थोडी जास्त. त्यामुळे माझ्या डोक्यात आधी रोल खराब निघाल्याचाच विचार आला. ताईंच्याही मनात तेच होतं, पण त्यांनी ते माझ्यावर ढकललं नाही. "बॅच खराब असेल का हो?" एवढंच विचारलं.

मी काच सावलीत, उन्हात, आतून, बाहेरून बघितली आणि मला काहीच दिसलं नाही. "तुमचा चष्म्याचा नंबर तपासून घेतलाय का?" असं विचारायच्या बेतात होतो. नाही विचारलं ते बरं झालं. गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून जा, असं सांगितलं.

आधी ही फिल्म म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिला काच समजण्यातून झाला. समोरची काच ही मुळात दोन काचांची जोडी असते. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा थर. दगड लागतो तो बाहेरच्या काचेला. फिल्म त्या बाहेरच्या काचेवर बसते. आम्ही वापरली ती पॉलिएस्टरची, म्हणजे पीईटीची, साधारण १०० मायक्रॉन जाडीची. केस त्याहून थोडा बारीक असतो. खाली गोंद, वर हार्ड कोट. हा हार्ड कोट म्हणजे जेमतेम काही मायक्रॉनचा कडक मुलामा. ओरखड्यांना तोंड देतो तो फक्त हा मुलामा, आणि तो गेला की खाली उरतं ते मऊ प्लास्टिक. बोनेटवर लावतात ती पीपीएफ, म्हणजे गाडीचा रंग जपणारी फिल्म, वेगळी. ती टीपीयू नावाच्या प्लास्टिकची, जाड आणि रबरासारखी, उन्हाने गरम झाली की तिचे बारीक ओरखडे भरून येतात. आमच्या पीईटीला ती सोय नाही. एकदा उठलेला ओरखडा कायमचा.

शेपटी कुठे बोट दाखवते

अंधार पडल्यावर शटर ओढलं, दिवे घालवले. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि हाताखालच्या पोराला मोबाइलचा टॉर्च लावून गाडीपुढे दहा पावलांवर उभं केलं. ताई शेजारच्या सीटवर.

शेपटी लगेच दिसली. टॉर्चच्या ठिपक्यातून एक बारीक, लांब, पांढरी रेघ निघाली होती. पोराला डावीकडे सरकायला सांगितलं, शेपटी कलली. उजवीकडे सांगितलं, दुसऱ्या बाजूला कलली. खांद्यापासून डोक्यावर टॉर्च नेला, तरी शेपटीचं टोक खाली एकाच जागेकडे वळलेलं. मी काचेवर आतून बोट ठेवत ती रेघ खाली खाली नेली आणि बोट जाऊन थांबलं ते वायपरच्या बुडाशी, जिथे त्याचा खुंटा फिरतो तिथे.

यात जादू काही नाही. बारीक समांतर ओरखड्यांवर प्रकाश पडला की तो ओरखड्यांना काटकोनात पसरतो. वायपरचे ओरखडे कंपासने काढल्यासारखे कमानीत असतात. कमानीला काटकोन म्हणजे त्रिज्या, आणि त्रिज्या नेहमी मध्याकडे जाते. म्हणून वायपरने ओरखडलेल्या काचेत दिव्याची शेपटी वायपरच्या खुंट्याकडे बोट दाखवते. गुन्हेगाराने जाता जाता आपला पत्ता लिहून ठेवावा, तसं.

पण सगळीकडे तसं नव्हतं. ड्रायव्हरसमोर खालच्या भागात, ताटलीएवढ्या जागेत, टॉर्चभोवती कोळ्याचं जाळं दिसत होतं, गोल गोल तंतूंचं. शेपटी नाहीच. असं जाळं दिसलं की ओरखडे सगळ्या दिशांना आहेत, म्हणजे ते हाताने घासल्याचे आहेत, हे ओळखायचं.

मग मी पोराला स्टुलावर चढवलं आणि टॉर्च काचेच्या वरच्या मधल्या तिकोनात येईल असा धरायला लावला. दोन्ही वायपरच्या कमानींच्या मध्ये तिथे एक तुकडा असतो, जिथे एकाही वायपरचं रबर पोचत नाही. तिथे टॉर्च म्हणजे नुसता ठिपका होता. शेपटी नाही, जाळं नाही. फिल्म बसवली त्या दिवशीसारखी.

रोलचा प्रश्न तिथेच मिटला. फिल्मच खराब असती तर या तिकोनातही खराब दिसली असती. ऊन, धूळ, पाऊस, अकरा आठवडे, सगळं त्या तुकड्यालाही सारखंच मिळालं होतं. मिळाला नव्हता तो फक्त वायपर आणि हात.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी तर हिला जिवापाड जपते हो."

खरंच जपत होत्या.

वही

ताई गाडीची वही ठेवतात. इंधन, किलोमीटर, हवा, धुणं, सगळं तारखेनिशी. अशी माणसं मला फार आवडतात, पण त्या संध्याकाळी ती वही वाचताना मी अधूनमधून कपाळाला हात लावत होतो.

दर रविवारी काच "कोरडी पुसून लख्ख". महिन्यातून दोनदा घरातला काच पुसायचा स्प्रे, अमोनियाचा. सातव्या आठवड्यात "पाण्याचे डाग गेले नाहीत, काचेचं पॉलिश लावलं, गेले". आठव्या आठवड्यात हाय प्रेशर पाण्याने धुणं, "कडेची घाण निघत नव्हती, जवळून मारलं". आणि वायपरची दांडी कायम ऑटोवर, कारण ती सोय आहे आणि पैसे दिलेत तिचे.

यातली प्रत्येक गोष्ट उघड्या काचेवर केली असती तर फारसं बिघडलं नसतं. काचेचा कठीणपणा मोहस् मापावर साडेपाचच्या आसपास असतो. धुळीत असतात त्या वाळूच्या कणांचा ७. म्हणजे धूळ काचेलाही ओरखडू शकतेच, पण काच निब्बर असते, वर्षानुवर्षं सोसते. तेच कण फिल्मच्या मुलाम्यावर फिरवले की तो आठवड्यांत हार मानतो. काचेचं पॉलिश तर आणखी वाईट. त्यात बहुतेक वेळा सिरियम ऑक्साइड असतं, आणि त्याचं कामच मुळी पृष्ठभाग किंचित झिजवून गुळगुळीत करणं. काचेवर झिजायला माल असतो. फिल्मवर झिजतो तो तो काही मायक्रॉनचा हार्ड कोट. टॉर्चभोवतीचं कोळ्याचं जाळं बरोबर त्याच जागी होतं, जिथे वहीप्रमाणे पाण्याचे डाग होते.

डागांसाठी काय करायला हवं होतं? हे डाग म्हणजे जड पाण्यातला चुना. ओला कापड पाच-दहा मिनिटं ठेवून तो मऊ करायचा. नाहीच गेला तर पांढरं व्हिनेगर बरंचसं पाणी घालून पातळ करायचं, कोपऱ्यात थोडंसं लावून बघायचं, मग डागावर मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने काढून टाकायचं. चुना आम्लात विरघळतो, घासावा लागत नाही. आणि गाडी धुतली की काचेवरचं पाणी उन्हात वाळू द्यायचं नाही, टिपून घ्यायचं. डाग पडतात ते त्या वाळण्यात.

खालच्या कडेला वेगळंच दुखणं होतं. दोन ठिकाणी बोटभर रुंदीची दुधाळ पट्टी आणि एका जागी फिल्म नखाएवढी सुटलेली, गोंदाला धूळ चिकटून काळी झालेली. फुगा नाही, वाफ नाही, कडच सुटलेली. स्प्रे मारला की तो ओघळून तळाशी साचायचा आणि तिथेच थांबायचा. अमोनिया वरच्या कोटाला मानवत नाही, आणि कडेने आत शिरला तर गोंदालाही. त्यावर आठव्या आठवड्यात जवळून, कडेला तिरपा धरून पाण्याचा झोत. मऊ झालेल्या कडेखाली पाण्याची धार घालणं म्हणजे पाकीट फोडायला वाफ धरण्यासारखं. फिल्मवर हाय प्रेशर चालतं, पण हातभर लांबून, सरळ, आणि कडेवर रोखून कधीच नाही.

वायपरचं रबर

हे सगळं धरूनही कमानी समजत नव्हत्या. आठवड्याला एकदा कोरडं पुसून एवढी दाट कमान पडत नाही. शिवाय हात गोल फिरतो, कमानीत नाही.

मी वायपर उचलला आणि ओला पांढरा टिश्यू चिमटीत धरून रबराच्या धारेवरून एकदा ओढला. टिश्यूवर काळी रेघ आली आणि रेघेत चमचमणारे कण. भिंगाने धार बघितली तर तीन जागी खाचा, आणि एका खाचेत वाळूचा कण रुतून बसलेला, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा. त्या कणाचं अंतर खुंट्यापासून मोजलं. काचेवर तेवढ्याच अंतरावर एक कमान बाकी सगळ्यांपेक्षा ठळक होती.

ब्लेड जुने होते. फिल्म बसवायच्या आधीपासूनचे. मी ते बदलायला सांगितलं नव्हतं. "पुसतात ना नीट? मग राहू द्या," असं मीच म्हणालो होतो. काच पुसायला ते ठीकच होते.

आता हिशेब बघा. वायपरच्या जोराच्या वेगाला मिनिटाला ४५ फेऱ्या धरल्या तर एका फेरीत रबर दोनदा काचेवरून जातं, म्हणजे मिनिटाला ९० वेळा, तासाला ५,४००. पण पावसातल्या या हजारो फेऱ्या फिल्मला फारशा खात नाहीत. पाणी वंगणासारखं काम करतं आणि धूळ वाहून नेतं. खातात त्या कोरड्या फेऱ्या. त्याहूनही वाईट म्हणजे अर्धवट ओल्या. काच ओल्यातून कोरडी होत असते त्या मधल्या अवस्थेत रबर सगळ्यात जास्त चिकटतं, घासतं, थरथरतं. रिमझिम थांबल्यावरही वायपर चालू राहिला की कर्र कर्र आवाज येतो, तो याच अवस्थेचा.

कोरड्या फेऱ्या कुठून आल्या, हे ताईंनीच सांगितलं, न कळत. "सकाळी गाडी चालू केली की वायपर एकदा आपोआप फिरतो. दव असतं ना. मला बरंच वाटतं, काच साफ होते." रात्रभर उघड्यावर उभी गाडी, काचेवर धुळीचा थर, त्यावर दवाचा हलका हात. म्हणजे ओली धूळ, वाहून जाण्याइतकं पाणी नाही. त्यावर जुनं, कणांनी भरलेलं रबर. सत्त्याहत्तर सकाळी, दर सकाळी एकदा.

मला खात्री हवी होती, म्हणून दुकानात पडलेल्या एका फुटक्या विंडशील्डवर त्याच रोलच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. त्यांचा गोंद धरायला आठवडा दिला. मग ताईंच्याच बोनेटवरची धूळ दोन्हींवर भुरभुरवली. एका पट्टीवर दवासारखा पाण्याचा फवारा उडवून तोच जुना ब्लेड हाताने पन्नास वेळा ओढला. दुसरी आधी बाटलीभर पाण्याने धुऊन काढली आणि पाणी वाहतं ठेवून नवा ब्लेड पन्नास वेळा ओढला. भिंगाखाली पहिली पट्टी नांगरलेल्या शेतासारखी दिसत होती. दुसरीवर दोन-तीन रेघा शोधून सापडल्या.

माझी चूक

ब्लेडचं वर लिहिलंच. दुसरी चूक पाऊस ओळखणाऱ्या सेन्सरची.

आरशामागे काचेला आतून चिकटवलेला हा सेन्सर काचेत तिरपा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. काच बाहेरून कोरडी असेल तर तो प्रकाश काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून पूर्ण परावर्तित होऊन परत येतो. थेंब पडला की त्या जागी थोडा प्रकाश बाहेर निसटतो, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि गाडीला वाटतं पाऊस आला. आता या जागेवर बाहेरून फिल्म बसवली आणि खाली बसवतानाचं साबणपाणी राहिलं तर? प्रकाश तिथेही निसटतो. गाडीला कोरड्या दिवशीही पाऊस वाटतो.

फिल्म बसवताना खाली साबणपाणी असतंच, त्याशिवाय ती सरकत नाही. स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, बहुतेक काढतो, उरलेलं हळूहळू उडून जातं. हवामान कोरडं, गरम असेल तर काही दिवस, थंड आणि दमट असेल तर काही आठवडे. तेवढ्या काळात बारीक फुगे, अंधुक ढग दिसले तर घाबरायचं नाही आणि बोटाने दाबायचं नाही. ताईंच्या वहीत पहिल्या आठवड्यात नोंद आहे: "वायपर उगीच फिरतो, ऊन असताना. दादांना विचारायचं." विचारायचं राहिलं. म्हणजे गोंद पुरता धरायच्या आधी, बसवून तीन-चार दिवसांत, कोरड्या फिल्मवर वायपर फिरत होता, आणि तो माझ्या कामातल्या ओलीमुळे.

आता मी सेन्सरच्या जागेवर फिल्म ठेवायची की त्या आकाराची खिडकी कापायची, हे फिल्मच्या आणि गाडीच्या कंपनीच्या सूचना वाचून ठरवतो. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्यांना तर हे वाचल्याशिवाय हात लावत नाही. तो कॅमेरा रस्त्याचे पट्टे त्याच काचेतून बघतो. काचेवर काहीही चिकटवण्याबद्दल त्या त्या ठिकाणचे नियम काय म्हणतात, हेही गिऱ्हाइकाला आधी बघायला लावतो.

काढणं

पॉलिश करून वाचवता येईल का, असं ताईंनी विचारलं. नाही. हार्ड कोट गेला तिथे पॉलिश करणं म्हणजे उरलेला घालवणं. फिल्म ही झिजायची वस्तू आहे, बुटाच्या तळव्यासारखी. मोटार शर्यतींत समोरच्या काचेवर फिल्मचे एकावर एक थर लावून ठेवतात आणि पिटमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या थांब्यावर, आलं की वरचा खराब थर ओढून फेकतात. तिथे तिला कोणी वाचवत बसत नाही.

आम्ही ती त्याच आठवड्यात काढली. काढताना घाई केली की फिल्म फाटते आणि गोंद काचेवर राहतो. हीट गनने हलकी कोमट करायची, कोपरा सोडवायचा, आणि काचेला जवळजवळ आडवी धरून सावकाश, एका लयीत ओढत न्यायची. अकरा आठवड्यांची होती म्हणून एका अखंड पत्र्यासारखी निघाली. दोन-तीन वर्षं उन्हात शिजलेली फिल्म अशी निघत नाही, पापुद्र्यांनी निघते आणि दिवस खाते. तेवढी वाट कधी बघू नये. गोंद राहिला तो फक्त खालच्या दुधाळ पट्ट्यांखाली.

फिल्म हातात आल्यावर एक गोष्ट केली, जी आता प्रत्येक गिऱ्हाइकासमोर करतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि फिल्म त्यावर ठेवली. बारीकातलं बारीक अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. मग फिल्म वीतभर वर उचलली. अक्षरं दुधात बुडाल्यासारखी झाली. वायपर न पोचलेल्या तिकोनातून मात्र तशीच स्वच्छ.

धूसरपणा असाच फसवतो. त्याचं मापही तसंच आहे: आरपार जाणाऱ्या प्रकाशातला किती टक्के प्रकाश अडीच अंशांहून जास्त भरकटतो, त्याला धूसरपणा म्हणतात. दिवसा सगळीकडे सारखा उजेड असतो, भरकटलेला थोडा प्रकाश त्यात मिसळून जातो. रात्री एकच झगझगीत दिवा आणि बाकी काळोख, मग तोच भरकटलेला प्रकाश काळोखावर चुना फासतो, आणि त्या चुन्यामागे रस्त्याने चालणारा माणूस दिसत नाही. फिल्म दिवसा चांगली दिसते म्हणून ठेवायची, हा युक्तिवाद मला म्हणूनच चालत नाही.

ताईंनी फिल्म तीन-चारदा वर-खाली करून बघितली. मग तिच्यावर एका जागी बोट ठेवलं. "हा काय खड्डा?"

डाव्या बाजूला दोन खड्डे होते. एक मोठा, फिल्म चेमटून पांढरी झालेली, दुसरा बारीक. काचेवर त्याच जागा शोधल्या. मोठ्याखाली टाचणीच्या टोकाएवढा एक टवका, तडा नाही. बारकाखाली काहीच नाही. खडी नेणाऱ्या ट्रकच्या मागे ताई रोज असतात. ६० च्या वेगाने लागणाऱ्या दगडापेक्षा ९० च्या वेगाने लागणाऱ्याचा जोर दीडपट नसतो, सव्वादोनपट असतो, कारण वेगाचा वर्ग धरावा लागतो. फिल्मने तो मार पसरवून स्वतः खाल्ला होता. मोठा दगड आला असता तर फिल्म असूनही काच तडकली असती, हेही ताईंना सांगितलं. पण अकरा आठवड्यांत तिने आपलं काम केलं होतं. आपणच तिला नीट जगू दिलं नाही.

पुन्हा बसवायची का, हा त्यांचा निर्णय होता. ज्याची गाडी बहुतेक वेळ हळू, गर्दीतून चालते, त्याला मी सरळ नको म्हणतो. तिथे दगडापेक्षा वायपरच जास्त खातो, आणि फिल्मचं ओझं उगीच वाढतं. ताईंना हो म्हणालो.

दुसरी खेप

नवी फिल्म बसवायच्या आधी नवे ब्लेड बसवले. वॉशरच्या नोझल सुईने साफ केल्या, एक तर निम्मी बुजलेली होती, म्हणजे ताई पाणी मारत असतील तेव्हाही अर्धी काच कोरडीच पुसली जात होती. वॉशरच्या टाकीतलं जुनं पाणी काढून अमोनिया नसलेलं भरलं. दांडी ऑफ केली आणि तिच्यावर कागदी टेप गुंडाळली: पहिले दोन दिवस वायपर बंद, आणि पावसाचं चिन्ह असेल तर गाडी बाहेर काढायचीच नाही. काचेवरचं पाणी झटकून टाकणारं, काचेसाठीचं लोशन लावू नका म्हणून सांगितलं. फिल्मसाठी मुद्दाम बनवलेलं मिळतं, ते चालतं.

सकाळचा रिवाज बदलला. आधी बाटलीभर साधं पाणी काचेच्या वरच्या कडेपासून ओतायचं, धूळ वाहू द्यायची, मग हवं तर वायपर. महिन्यातून दोनदा ओल्या टिश्यूने रबराची धार पुसायची. ब्लेड दर सहा महिन्यांनी बदलायचे, चांगले दिसत असले तरी. धुताना सौम्य शाम्पू, स्वच्छ मायक्रोफायबर, वरून खाली सरळ, गोल नाही. हा कपडा कंडिशनर घालून धुवायचा नाही, त्याचा थर राहतो आणि काचेवर चरबीसारखा फिरतो. ताईंनी विचारलं, मग गाडी झाकून ठेवू का? मी नको म्हणालो. वाऱ्याने फडफडणारं धुळकट कव्हर म्हणजे रात्रभर चालणारा वायपर.

पक्ष्याची घाण पडली तर ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवून उचलायची, खरवडायची नाही. हे सांगूनही पाचव्या महिन्यात एकदा ती दोन दिवस उन्हात राहिली आणि कोटावर अंधुक कडं उमटलं. ते अजून आहे. रात्री दिसत नाही, म्हणून ठेवलं.

तिसऱ्या महिन्यात टॉर्च लावून बघितलं, शेपटी नाही. सातव्यात ड्रायव्हरच्या बाजूला अगदी पुसट. त्या वेळी ब्लेड बदलले आणि ताईंना टॉर्चची चाचणी शिकवली. त्यांनी ती वहीत एका पानावर आकृतीसकट उतरवून घेतली, खुंटा, कमान आणि त्रिज्या.

चौदाव्या महिन्यात फोन आला. "दादा, शेपट्या आल्यात. दोन आहेत, दोन्ही सरळ खुंट्याकडे जातात. जाळं कुठेच नाही." मी त्याच आठवड्यातला दिवस दिला.